डाव्या रांगेला मीठ नव्हतं

भगवानराव माझे चुलतभाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. कळंबपासून सात-आठ किलोमीटर आत, कपाशीच्या आणि तुरीच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव लागतं. तिथे येऊन 'पंगतीवाले भगवानराव' एवढंच विचारा, कोणीही दारापर्यंत आणून सोडेल. त्यांची पाच एकर शेती आहे, पण ती कोणाच्या लक्षात राहत नाही.

हे लिहायला बसलो ते त्यांचं कौतुक करायला नव्हे. गेल्या मे महिन्यात त्यांच्या नातीच्या लग्नात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून बळीरामने त्यांच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. पहिलीच्या वर्गापासूनची दोस्ती. ती राहते की जाते, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण गावातलं कोणाचंही बिनसलं की गुरुजींना बोलवा. खरं सांगतो, मी या कामाला कंटाळलो आहे. दुसऱ्यांची भांडणं मिटवता मिटवता माणसाला स्वतःकडे पाहायला सवड होत नाही, आणि पुढे पुढे ती नकोशीही वाटते.

दादांनी मिठाची वाटी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. तेव्हापासून गावातलं लग्न, तेरवी, भंडारा, काहीही असो, पंगत बसली की पहिलं मीठ दादांच्या हातचं. पान वाढण्याच्या बाबतीत ते कर्मठ होते. पानाला डावी बाजू असते आणि उजवी असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, उजवीकडे भाजी. चटणी कोणी उजवीकडे टाकली तर ते भर पंगतीत ओरडायचे, "डावं-उजवं समजत नाही काय बे तुले?" मी मास्तर झाल्यावरसुद्धा मला हे एकदा ऐकावं लागलं, तेही माझ्या विद्यार्थ्यांच्या देखत.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि तोच या गोष्टीच्या मुळाशी आहे. पंगतीत लोक जागा धरून ठेवायला रिकाम्या पत्रावळी मांडून ठेवतात. मागून येणारे वाढपी त्यांच्यावरही वाढत जातात आणि अन्न वाया जातं. म्हणून दादांनी ठरवून दिलं होतं की मीठ फक्त बसलेल्या माणसाच्या पानावर पडेल, आणि मागच्यांनी मीठ दिसेल तिथेच वाढायचं. "माणसाकडं पाहू नका, मिठाकडं पाहा," असं ते नव्या पोरांना बजावायचे. नियम चांगला होता. चाळीस वर्षं मी त्यांच्या मागे वरणाची बादली घेऊन फिरलो आणि कधी एक पान वाया गेलं नाही की कोणी उपाशी उठलं नाही.

आता बळीराम. त्याच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि त्याच वर्षी हा जन्मला. दादा आणि तो एका वर्गात, एका बाकावर. पुढे बळीराम लाइनमन झाला. आमच्या तालुक्यातला असा खांब नसेल ज्यावर तो चढला नाही. पण आमच्या लहानपणी त्यांच्या मोहल्ल्यातली माणसं लग्नात आली तर सगळ्यात शेवटी, वेगळी, कडुलिंबाखाली बसायची, आणि वाढणारा वरूनच वाढायचा. हे मी पाहिलेलं आहे. एकोणऐंशी साली दादांच्या बहिणीचं लग्न होतं. दादांनी बळीरामचा हात धरला, त्याला पहिल्या पंगतीत आणून बसवलं आणि पहिलं मीठ त्याच्या पानावर वाढलं. दोन म्हातारे उठून गेले. दादांचे वडील महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्या गावात पंगत एकच, असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगत आलो. काम दादांनी केलं होतं आणि छाती आम्ही फुगवत होतो.

गेल्या जानेवारीत दादा सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या कलंडले. डावा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. मी नुसता धावपळ करत होतो. बळीरामने पोराची पिकअप काढली, मागे गादी टाकली आणि दादांचं डोकं मांडीवर घेऊन यवतमाळला पोचवलं. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली होती. वेळेत आणलं म्हणून बचावले, असं डॉक्टर म्हणाले. दहा-बारा दिवसांनी घरी आले आणि होळीपर्यंत चालायलाही लागले. हातात ताकद आली, बोलणं पहिल्यासारखं स्वच्छ. लकवा आला तसा गेला, असं गावाने ठरवून टाकलं.

गेला मात्र नव्हता. दादा दाढी करायचे ती उजव्या गालाची. डावा गाल तसाच राहायचा. कोणी दाखवून दिलं की म्हणायचे, "केली ना आत्ता." पेपर वाचायचे आणि फेकून द्यायचे. "पेपरवाल्यायनं ताळ सोडला. एक ओळ धड लागत नाही." आता कळतं की प्रत्येक ओळीचा उजवा तुकडाच ते वाचत होते. पण सगळ्यात जास्त सोसलं मथुरावहिनींनी. ताट पुढे ठेवलं की दादा गरजायचे, "मीठ काहून नाही वाढलं?"

"वाढलं ना बाप्पा, हे काय," वहिनी म्हणायच्या.

"कुठी? चटणी बी नाही. पंचेचाळीस वर्षं झाली, तुले पान वाढता नाही आलं."

मीठ-चटणी डाव्या बाजूला असायची, जिथे ती असायला हवी तिथेच. वहिनींनी मीठ जास्त घातलं, चटणीचा गोळा मोठा केला. तरी आरडाओरडा तसाच, आणि अर्धी भाकर ताटात तशीच. एक दिवस त्या आमच्या मागच्या दारात येऊन रडल्या. "याइले माह्या हातचं नको झालं, असं सांगा ना सरळ." मी त्यांना म्हणालो, म्हातारपणात माणूस चिडका होतो, मनावर घेऊ नका. गुरुजींचा सल्ला. वहिनी डोळे पुसून परत गेल्या.

मे महिन्यात निकिताचं लग्न निघालं. निकिता म्हणजे दादांचा मुलगा अमर याची मुलगी. अमर यवतमाळला नोकरीत आहे. त्याला हॉल घ्यायचा होता, बफे ठेवायचा होता. दादांनी एकच वाक्य ऐकवलं, "उभ्यानं खायले मी ढोर आहो काय?" शेवटी वरातीच्या पाहुण्यांना बफे आणि गावकऱ्यांना घरासमोरच्या मांडवात पंगत, अशी तडजोड झाली. दादांनी वाढायचं नाही, बसून राहायचं, हे मात्र अमरने निक्षून सांगितलं.

त्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाच्या कापडाखालीही डोकं भणभणत होतं. बळीराम सकाळपासून जनरेटर आणि कूलर सांभाळत होता. दर अर्ध्या तासाने काहीतरी बंद पडायचं आणि तो धावायचा. त्याची बायको इंदुताई, मुलगा पियुष, सून, नात आणि मोहल्ल्यातली आणखी चार माणसं त्याच्यासाठी जेवायची थांबली होती. दोन पंगती पोरांनी वाढल्या. तिसरी, शेवटची, बसायला लागली तेव्हा दादा खुर्चीवरून उठले आणि माझा पुतण्या घनश्याम याच्या हातातली मिठाची वाटी त्यांनी काढून घेतली. "नातीच्या लग्नात एक पंगत तरी मी वाढीन," ते म्हणाले. कोणाची अडवायची छाती झाली नाही.

मांडवात दोन रांगा होत्या, समोरासमोर. घराकडून रस्त्याकडे जाताना उजव्या हाताला आमची, म्हणजे राबणारी घरची आणि शेजारची माणसं. डाव्या हाताला बळीराम आणि त्याच्याबरोबरची आठ माणसं. बाकी डावी रांग रिकामी. दादा मीठ घेऊन पुढे, त्यांच्या मागे मी वरणाची बादली घेऊन, माझ्या मागे घनश्याम आलू-वांग्याची भाजी घेऊन, त्याच्या मागे पोळ्या.

मीठ वाढणारा एकदा उजवीकडे वाकतो, एकदा डावीकडे. दादा फक्त उजवीकडे वाकत गेले. एकेका पानावर बोटांनी नीट चिमूटभर मीठ ठेवत, पुढे सरकत, रांगेच्या टोकापर्यंत. मी त्यांच्या मागे होतो. डाव्या पत्रावळींवर मीठ नव्हतं. मी उजवीकडे वाढत गेलो. घनश्यामही उजवीकडे वाढत गेला. पोळ्याही उजवीकडेच पडल्या. मांडवाच्या तोंडाशी पोचल्यावर दादा वळलेही नाहीत. तिथे नवरदेवाचे काका उभे होते, त्यांच्याशी बोलता बोलता त्यांनी हात उंचावून नेहमीची हाक दिली, "सावकाश होऊ द्या!" उजव्या रांगेने पोळी मोडली.

इंदुताईंची नात म्हणाली, "आजी, मले पोळी." इंदुताईंनी तिला जवळ ओढून घेतलं. मग बळीरामने रिकाम्या पत्रावळीला हात जोडले आणि तो उठला. त्याच्या मागोमाग आठच्या आठ माणसं उठली. पियुषचा चेहरा लाल झाला होता. बळीरामने त्याला खांद्याला धरून पुढे घातलं. मांडवातून बाहेर पडताना तो दादांच्या डाव्या अंगाला थांबला आणि म्हणाला, "भगवान, येतो आम्ही."

दादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. उजवीकडे, नवरदेवाच्या काकांकडे पाहतच म्हणाले, "हो हो, सावकाश होऊ द्या."

दुसऱ्या दिवशीपर्यंत गावाने अर्थ लावून ठेवला होता. नवरदेवाकडचे, दारव्ह्याचे पाहुणे जुन्या वळणाचे, त्यांच्या समोर भगवानरावांनी आपली जात दाखवली. काही जण हे चुकचुकत सांगत होते. काही जण चुकचुकल्यासारखं करत होते आणि आतून खूश होते, तेही मला कळत होतं. पियुष पोलिसात जायला निघाला होता, बळीरामने त्याला घरी बसवला. आणि दादा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मला विचारायचे, "रवी, बळ्या काहून येऊन नाही राह्यला? तब्येत बिघडली काय त्याची?"

मी आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी सांगून टाकलं. ते ऐकून दादा उठून उभे राहिले.

"म्या सगळ्याइले वाढलं. निकिताची शपथ."

"डाव्या रांगेले कोणीच नाही वाढलं, दादा."

"डावी रांग कुठची? एकच तर रांग होती!"

"खोटं कायले बोलता? मी मागं होतो तुमच्या."

ते लहान मुलासारखे रडायला लागले. मला त्यांची दया आली नाही. मला राग आला होता. माणसाने चूक करावी, पण ती कबूल तरी करावी, असं मी मनात म्हणत होतो. हे मी म्हणत होतो, ते लक्षात ठेवा.

जूनमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून अमर आणि मी त्यांना यवतमाळला घेऊन गेलो. या वेळी तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दादांची अर्धी दाढी पाहिली आणि गोळ्यांचा कागद बाजूला ठेवला. एका कोऱ्या कागदावर तीस-चाळीस आडव्यातिडव्या रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "बाबा, यातली प्रत्येक रेघ खोडा." दादांनी उजव्या बाजूच्या सगळ्या रेघा नीट खोडल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. डावा अर्धा कागद तसाच. "झालं?" बाईंनी विचारलं. "झालं ना," दादा म्हणाले.

मग त्यांनी फूल काढायला सांगितलं, तर पाकळ्या एकाच बाजूला. मी म्हटलं, बाई, यांना वाढलेलं पान काढायला सांगा. दादांनी मोठा गोल काढला. उजवीकडे भाजी काढली, पोळ्या काढल्या, वरणाचा द्रोण काढला. डावीकडे काही नाही.

"मीठ कुठी आहे, दादा?" मी विचारलं.

"वाढलं ना," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच वेडा झालो आहे.

बाईंनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. मेंदूचे दोन भाग आहेत, पण समोरच्या दृश्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांनी सारखं वाटून घेतलेलं नाही. शेतात रानडुकरं येऊ नयेत म्हणून दोन माणसं जागलीला बसवावीत, त्यातला एक अख्ख्या शेतावर नजर ठेवतो आणि दुसरा फक्त उजव्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असं काहीसं आहे. फक्त उजवीकडे पाहणारा तो डावा मेंदू. तो निकामी झाला तर उजवा बराचसा सांभाळून घेतो. पण अख्खं शेत राखणारा उजवा गेला, की डाव्या बाजूला कोणी वालीच उरत नाही. डोळे चांगले असतात. डाव्या बाजूचं दृश्य आतपर्यंत पोचतंही, पण त्याची दखल घेणारा नसतो. आणि आपल्याला काही दिसत नाही हे त्या माणसाला कळतही नाही, कारण जे नाहीच त्याची उणीव कोणाला भासणार? "ते खोटं बोलत नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी तिथे खरंच कोणी बसलेलं नव्हतं." सरावाने थोडं सुधारतं, डावीकडे वळून पाहायची सवय लावावी लागते, असंही त्यांनी सांगितलं.

अमरने तिथूनच आईला फोन केला, ताट फिरवून ठेव म्हणाला. वहिनींनी दोनदा विचारून घेतलं, "म्हंजे याइले मीठ दिसतच नव्हतं?"

मी मात्र हलका झालो होतो. बाईंकडून तो कागद मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि गावात उतरल्यावर घरी न जाता सरळ बळीरामकडे गेलो. मिटलं एकदाचं, असं वाटत होतं.

बळीराम अंगणात खाटेवर बसून पंख्याची मोटार उघडत होता. "या गुरुजी," म्हणाला. बसायला खुर्ची दिली. मी कागद उलगडला आणि सगळं सांगितलं. रेघा, फूल, पान, मीठ. म्हटलं, "बळीरामभाऊ, ते परत फिरले असते ना, तर तुम्हालेच वाढलं असतं अन् आमची रांग उपाशी ठेवली असती. आमच्याकडं कोणी बसलंच नव्हतं, असं म्हणाले असते."

त्याने चष्मा लावून तो कागद खूप वेळ पाहिला. बोटाने डाव्या बाजूच्या न खोडलेल्या रेघांवरून फिरवत गेला. मग म्हणाला, "म्हंजे एक फेज उडाला त्याचा."

"हं?"

"एक फेज उडाला की अर्ध्या गावात अंधार होते. बाकीच्या अर्ध्याले वाटते लाइन चालू आहे. सांगून बी पटत नाही." त्याने कागद मांडीवर ठेवला. "अन् मी त्याच्या तोंडावर 'येतो' म्हणून आलो. दीड महिना झाला. कसा असन तो?"

"रोज विचारतात तुम्हाले."

त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मला फार बरं वाटलं. आता हा उठेल, आम्ही दोघं मिळून दादांकडे जाऊ, संध्याकाळी ओट्यावर पहिल्यासारखं बसू. मी उठायला लागलो तेव्हा त्याने कागदाची घडी केली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, "मंग गुरुजी, तुमचा कोणता फेज गेलता?"

मला आधी कळलंच नाही.

"तुमी त्याच्या मागं होते ना. वरण घेऊन."

"दादांचा नियम आहे ना," मी म्हणालो. "मीठ नसलं तर…"

"नियम मले माहीत आहे. मी बी त्याच्या मागं पाणी वाढलं आहे." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमाले आम्ही दिसलो नाही काय?"

"दिसले."

"मंग?"

चाळीस वर्षं शाळेत मी पोरांना उभं करून असेच प्रश्न विचारले. उत्तर येत नसलेलं पोर जमिनीकडे पाहतं, तसा मी पाहत होतो. शेवटी म्हणालो, "मले वाटलं, दादांच्या मनात काही असन."

"काय असन?"

मी कागदाची घडी उलगडली आणि परत घातली. तोच म्हणाला, "पाव्हण्याइले चालणार नाही, म्हणून. असंच ना?"

"हो."

"अन् तुमाले पटलं ते?"

पटलं होतं. एका पावलात पटलं होतं. ज्या माणसाने एकोणऐंशी साली बापाशी वैर घेतलं, त्याच्याबद्दल माझ्या मनाने हे इतक्या सहज मान्य केलं की बादली हिंदकळलीसुद्धा नाही. धक्का बसायला हवा होता, तो बसला नाही. उलट आत कुठेतरी असं वाटलं होतं की चला, शेवटी दादाही आपल्यासारखेच. हे मी बळीरामला बोललो नाही. पण त्याने ते वाचलं असावं.

"भगवाननं माही पत्रावळ सोडली तवा मी म्हटलं, चुकला म्हातारा," तो म्हणाला. "ऊन होतं, दुखण्यातून उठलेला माणूस. म्हटलं, मागून गुरुजी येऊन राह्यले, ते सांगतीन त्याले. मी तुमच्याकडंच पाहून राह्यलो होतो. तुमी माह्याकडं पाहिलं अन् पुढं गेले. घरच्याच माणसाले काही वाटलं नाही, तवा मी समजलो की हे ठरलेलं असन. तवा उठलो मी."

त्याने पंख्याची मोटार खाटेखाली सरकवली. मग पायात चपला घातल्या, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि दादांच्या घराकडे निघाला. मला चला म्हणाला नाही. नका येऊ असंही म्हणाला नाही. मी खुर्चीतच बसून राहिलो.

आतून इंदुताई चहा घेऊन आल्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, स्वयंपाकघर काही लांब नाही. तरी त्यांनी कप माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "घ्या गुरुजी. साखर कमी असन तर सांगा." मला त्यांच्याकडे पाहवेना, इतकी लाज वाटली. मी कप घेतला आणि बरोबर आहे म्हणालो. अजून एक घोटही घेतला नव्हता.